पक्कड लावायची नाही

जाळीच्या मशीनचा वरचा क्लॅम्प तडकला, तेव्हा फिरकीनं पहिली शिवी मशीनला हासडली, दुसरी लाकडाला. तिसरी कुणाला द्यावी म्हणून इकडेतिकडे बघितलं, तर पक्कड त्याच्याच हातात होती. तिसरी मग त्यानं गिळली.

जाळीची मशीन म्हणजे तशी साधी वस्तू. जड बिडाचं टेबल, त्याच्यावर एक लोखंडी हात, खाली एक हात, आणि दोघांच्या मध्ये ताणून बसवलेलं केसाहून जरा जाड पातं. पायानं बटण दाबलं की पातं वरखाली नाचायला लागतं आणि तुम्ही लाकूड वळवाल तसं कापत जातं. वेली म्हणा, पानं म्हणा, अक्षरं म्हणा. सगळा खेळ पात्याची दोन टोकं धरून ठेवणाऱ्या दोन चिमुकल्या क्लॅम्पांचा. त्यातला खालचा सुखी. एकदा पातं तोंडात दिलं की दिवसभर गप. हाल वरच्याचे. जाळीतलं प्रत्येक भोक कापायचं तर पातं वरून सोडवा, लाकडाच्या छिद्रातून ओवा, परत अडकवा, परत स्क्रू आवळा. जितकी भोकं तितक्या वेळा.

आणि आवळायचं ते चिमटीनं. अंगठा आणि पहिलं बोट, बास. पक्कड लावायची नाही. हा नियम फिरकीला शिकवला होता साडूनं, दोघं एका कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर बसायचे तेव्हा. "बोटांना कळतं कुठं थांबायचं," साडू म्हणायचा. "पक्कड म्हणजे घोडा. लाथ मारण्यापलीकडे अक्कल नाही. आणि ज्या दिवशी पातं चिमटीत थांबेना, त्या दिवशी मशीनवरून उठायचं. समजायचं, आपलं झालं."

तेव्हा तो साडू नव्हता, नुसता शेजारी होता. साडू त्याला फिरकीनंच केला. बायकोची धाकटी बहीण त्यानं आपल्या या गंभीर, कमी बोलणाऱ्या जोडीदाराला मिळवून दिली, आणि सासऱ्याला सांगितलं की मुलगा फार बोलका आहे, सांभाळून घ्या. फिरकीला फिरकी म्हणायचे ते उगाच नाही. मालकाचा चष्मा त्यानं मालकाच्याच डोक्यावर असताना अर्धा दिवस साऱ्या कारखान्याला शोधायला लावला होता. साडूच्या डब्यातली पोळी काढून त्या जागी पोळीसारखा गोल कापलेला प्लायवूड ठेवला होता, साडूनं तो गंभीरपणे उलटसुलट केला आणि म्हणाला, "कड घासायची राहिलीय."

कारखाना बंद झाला तेव्हा मालकानं दोघांना आपापली मशीन दिली. एकाच वर्षाची, एकाच साच्यातली, सख्ख्या बहिणी. म्हणजे दोघांच्या बायकांसारख्याच.

आता फिरकीची बोटं पन्नाशी ओलांडून पुढे गेली होती. सकाळी चिमटीला धार नसायची. पातं दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा त्यानं इकडेतिकडे बघितलं, जसा काही साडू दारातच उभा आहे, आणि पक्कड लावली. क्लॅम्पनं 'टक्' केलं. जबड्याच्या आतल्या बाजूला नखाएवढी तड गेली. तेव्हापासून पातं धरायचा आणि जरा जोर आला की सोडून द्यायचा.

बरोबर त्याच आठवड्यात हातात काम होतं ते वाचनालयाचं. जुन्या इमारतीच्या सगळ्या दारांवर लाकडी जाळ्या होत्या, त्या वाळवीनं खाल्लेल्या. वाचनालयवाल्यांना अगदी तशाच नव्या पाहिजे होत्या. समोरच्या लेसरवाल्यानं नमुना कापून दाखवला, पण जाड लाकडाच्या कडा जळून काळ्या झाल्या. काम फिरकीकडे आलं. लेसरवाला पोरगा तसा वाईट नव्हता. रोज शटर उघडताना हाक मारायचा, "काका, नाही जमलं तर या आमच्याकडे. नुसतं बटण दाबायचंय. पंखा आहे, खुर्ची आहे."

"आणि मी खुर्चीवर बसून काय करू?"

"जळायला लागलं तर सांगायचं."

फिरकी हसला, पण ते बोलणं त्याच्या पोटात जाऊन बसलं. हे काम हातून गेलं की त्याचं दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि पुढच्या महिन्यात समोरचा पंखा.

मग शोध सुरू झाला. हत्यारांच्या गल्लीत दुकानदारानं क्लॅम्प हातात घेतला आणि मेलेल्या माणसाची नाडी बघावी तसा बघितला. "कंपनी गेली हो. आता कुणी सुटं विकत नाही. अख्खी मशीन घ्या, नवी. हलकी आहे."

"हलकी मशीन थरथरते."

"थरथरते," दुकानदार म्हणाला, "पण मिळते."

भंगार बाजारात एकाच्या गोणीत त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. एक क्लॅम्प निघाला, हुबेहूब. फिरकीनं त्याचा मुका घ्यायचा बाकी ठेवला. घरी आणून बघतो, तर तो खिळीवाल्या पात्याचा. पात्याच्या टोकाला आडवी खिळी असेल तरच धरणार. जाळीच्या छिद्रातून खिळीवालं पातं घालायचं म्हणजे उंदराच्या बिळातून सायकल काढायची. लेथवाल्यानं नवा बनवून दिला. सुंदर, चकचकीत, आरशासारखा. जबडा इतका गुळगुळीत की पातं त्यात राहीचना. कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्याला ऊस द्यावा तसं. शेवटी फोनवरून एक मागवला. खोक्यात खोका, त्यात पिशवी, पिशवीत क्लॅम्प, आणि स्क्रूचं भोक एका केसानं बाजूला. फिरकीनं त्या कंपनीला फोन लावला.

"सर, आपलं मॉडेल जुनं आहे. मशीन बदलून घ्या."

"बायकोचंही मॉडेल जुनं आहे हो. तिचं काय करू?"

"त्यासाठी दुसऱ्या विभागाशी बोलावं लागेल सर."

आतून बायको ओरडली, "विचारा त्यांना, नवरा बदलून देतात का!" आणि मग बाहेर येऊन, पदराला हात पुसत म्हणाली, "गावभर बोंबलत हिंडताय. आमच्या धाकट्या चिमीकडे आहे की तीच मशीन, कपडा टाकून ठेवलेली. तिच्या नवऱ्याला मागा ना."

फिरकीला ते पहिल्या दिवशीच सुचलं होतं. सुचलेलं त्यानं बाजूला ठेवलं होतं, कारण साडूकडे जायचं म्हणजे साडूचे हात बघायचे.

साडूला कंपवाताचा आजार होता. मांडीवर ठेवलेले हात आपोआप चालायचे, न दिसणारी माळ ओढल्यासारखे. चालणं अडखळत, चेहऱ्यावरचं हसू आतच राहिलेलं. डॉक्टरनं पहिल्यांदा नाव सांगितलं त्या संध्याकाळी साडू इतका खचला होता की फिरकीनं त्याला ठोकून दिलं, "अरे, आईशप्पथ, मी दवाखान्यात फोन केला. रिपोर्ट अदलाबदल झालेत. तुझ्या नावावर दुसऱ्याचाच आलाय." साडू दोन दिवस माणसात होता. मग तो विचारायला स्वतः दवाखान्यात गेला. त्यावर तो कधी एक शब्द बोलला नाही. फिरकीही नाही.

सुट्टीचा दिवस बघून फिरकी गेला. मेहुणी घरी होती. एरवी ती दिवसभर कामावर असायची. साडू खिडकीशी खुर्चीत. कोपऱ्यात मशीन, अंगावर जुन्या चादरीचा तुकडा.

"साडू, किती माजलास! बसून बसून गाल वर आलेत."

"औषधानं सूज आहे," साडू म्हणाला.

"बरं, सूज तर सूज, शोभतेय." फिरकीनं खिशातून तडकलेला क्लॅम्प काढला. नमुना म्हणून तो महिनाभर खिशात घालूनच फिरत होता. "हे बघ. हिचं थोबाड फुटलं."

साडूनं थरथरत्या हातात घेतला, उजेडाकडे धरायचा प्रयत्न केला, आणि नुसत्या अंगठ्यानं चाचपला. "पक्कड लावलीस."

"छे!"

"पकडीचे दात उमटलेत स्क्रूवर. मला डोळे आहेत अजून."

"बरं, लावली. मारतोस का आता? तुझा दे मला. थोडे दिवस. वाचनालयाचं काम झालं की परत."

"नाही."

"अरे, तुझी मशीन पांघरूण घेऊन झोपलीय!"

"बरा झालो की लागेल." साडू मान न हलवता बोलायचा. "आणि क्लॅम्प काय वापरायला द्यायची वस्तू आहे? दात घासायचा ब्रश देतोस का कुणाला?"

मेहुणीनं आतून फिरकीकडे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, विषय सोडा. 'बरा झालो की' हे शब्द त्या घरात सगळे जण काचेच्या भांड्यासारखे जपून एकमेकांच्या हातात द्यायचे.

थोड्या वेळानं साडूला उठायचं झालं. बाथरूमपर्यंत जाणं म्हणजे त्याच्यासाठी आता परगावचा प्रवास. मेहुणी त्याच्या कोपराला धरून निघाली, पावलापावलाला "हं, उचला... हं, आता दुसरा." दार लागलं. ती दाराबाहेर पाठमोरी उभी.

फिरकी खोलीत एकटा, आणि खिशात तडकलेला क्लॅम्प.

तो काही ठरवून आला नव्हता. पण आयुष्यभर दुसऱ्याची पाठ वळली की ज्याचे हात आपोआप चालू लागतात, त्याला ठरवावं लागत नाही. चादर वर, चिमटीनं स्क्रू उलटा, साडूचा क्लॅम्प खिशात, तडकलेला जागेवर. तड दिसू नये म्हणून मशीनच्याच सांध्यातलं काळं तेल बोटावर घेऊन त्यानं ती भरून टाकली, वरून भुशाची चिमूट फासली. स्क्रूवरचे पकडीचे दात नकोत म्हणून स्क्रू मात्र साडूचाच ठेवला. झकास. कारागिरी म्हणावी तर ही! वर्ष झालं, याला कोण हात लावणार आहे? पडून गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी कामाला येऊ दे. टेबल आरशासारखं स्वच्छ होतं, धुळीचा कण नव्हता, हे त्याला दिसलं. मेहुणी म्हणजे अशीच, टापटिपीचं वेड, असं मनाशी म्हणून त्यानं चादर खाली सोडली.

साडू परत आला तेव्हा फिरकी पेपर वाचत होता, साळसूदपणे, उलटा धरून. मेहुणी हसली. साडूचंही तोंड जरा हललं.

त्यानंतरचे दिवस फिरकीचे सोन्याचे गेले. पातं असं बसायचं की नखानं टिचकी मारली तर टण्ण वाजायचं. जाळ्या एकामागून एक उतरल्या. बायकोनं विचारलं, कुठं मिळाला? "भंगारात," फिरकी म्हणाला. "नशिबात असलं की भंगारातही मिळतं." बायकोनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, पण तसं ती लग्न झाल्यापासून बघत आली होती.

शेवटच्या दोन जाळ्या उरल्या असताना साडूचा फोन आला. आवाज खालच्या पट्टीत, घसरत.

"मशीन घेऊन जा."

"कुठली मशीन?"

"माझी. सगळी. सुट्या भागांचा डबाही आहे. ने."

फोन ठेवून फिरकीनं दुकानातच एक गिरकी घेतली. आंधळा मागतो एक डोळा, त्यातली गत. एक क्लॅम्प चोरावा आणि अख्खी मशीन चालत यावी! लेसरवाल्याला त्यानं रस्ता ओलांडून सांगितलं, "पोरा, तुझा पंखा तूच खा." आणि तसाच नाचत साडूकडे गेला.

दार साडूनंच उघडलं. दिवसाची वेळ, मेहुणी कामावर. खुर्चीपर्यंत परत जायला त्याला वेळ लागला. मशीनवरची चादर काढलेली होती. टेबलावर लाकडाचा एक तुकडा होता; त्यावर पान कापलेलं, शिरा इतक्या बारीक की उजेड त्यातून पाझरत होता. देठापाशी मात्र पातं सुटून लांब ओरखडा गेलेला.

"हे कुणी केलं?" फिरकीनं विचारलं.

"मी."

फिरकी हसला. मग साडूकडे बघून हसणं थांबलं.

"कुणाला बोललो नाही," साडू म्हणाला. "ही कामावर गेली की बसायचो. हे बघ." त्यानं मांडीवरचे हात दाखवले, ते आपली माळ ओढतच होते. "असे नुसते ठेवले की नाचतात. पण टेबलावर आले, लाकूड दाबून धरलं, की थांबायचे. डॉक्टर म्हणाला असं होतं कधी कधी, स्वस्थ हात थरथरतो, कामाला लावला की शांत होतो. रोज थोडा वेळ मी माझा असायचो. मग झाडून घ्यायचो, चादर टाकायचो. जरा हात बसला की मग सगळ्यांना दाखवणार होतो. तुला आधी."

फिरकीची नजर मशीनच्या वरच्या क्लॅम्पवर गेली.

"मग?"

"मग पातं सुटायला लागलं. आवळलं की सुटतं, आवळलं की सुटतं. पहिल्या दिवशी वाटलं, थकलो असेन. दुसऱ्या दिवशी नवं पातं लावलं. ते पण सुटलं. आठवडाभर बघितलं. सालं, बोटांनी काढलेलं पान बोटांनीच खराब केलं." तो थांबला. "चिमटीत जोर नाही राहिला रे."

"क्लॅम्प बघितलास का?"

"क्लॅम्पला काय धाड भरलीय? माझ्या हातानं बसवलेला आहे तो. कोण हात लावतो त्याला?"

फिरकीनं तोंड उघडलं आणि विचारलं ते भलतंच. "पक्कड लावून बघायची होतीस."

साडूनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्यानं भर रस्त्यात त्याचं धोतर ओढलं. "मी? पक्कड? ज्या दिवशी चिमटीत थांबत नाही त्या दिवशी उठायचं. कुणाला शिकवलं होतं मी हे? उठलो. गेले पंधरा-वीस दिवस चादर काढली नाही. आज तुझ्यासाठी काढली. ही मशीन घरात राहिली तर मी तिच्याकडेच बघत बसतो. ने बाबा."

"उद्या नेतो," फिरकी म्हणाला. "उद्या. आज गाडी नाही." आणि जिन्यावरून उतरताना त्याला पायऱ्या दिसत नव्हत्या.

घरी येऊन त्यानं क्लॅम्प काढला. बायकोनं विचारलं, काम राहिलंय ना अजून? तो अंथरूण घालून आडवा झाला. रात्रभर क्लॅम्प मुठीत धरून पडला होता. त्याच्या डोक्यात बेत तयार होता, आणि बेत तयार असला की फिरकी निम्मा बरा व्हायचा. गुपचूप बसवायचा, साडूला एकदा बसवायचं, पातं टण्ण वाजलं की साडूच उठून नाचेल. कुणाला काही कळायलाच नको. जसा काढला तसा घातला.

सकाळी मेहुणी घरीच होती. मशीन जाणार म्हणून रजा टाकली होती तिनं. फिरकीनं तिला पाणी आणायला पाठवलं, साडूला म्हणाला, "तो डबा कुठाय सुट्या भागांचा?" साडू वळून कपाटाकडे बघेपर्यंत क्लॅम्प बदललेला होता. तड पडलेला परत खिशात. हात अजून तसेच चलाख होते. त्याचा त्याला या वेळी काही आनंद झाला नाही.

"साडू, नेण्याआधी एकदा बस. चालती मशीन नेतोय की बंद, हे तरी कळू दे."

"तू बस."

"माझी कंबर धरलीय. बस रे. शेवटचं."

साडू बसला. हात टेबलावर ठेवले. कंप थांबला नाही. कमी झाला, एवढंच. खालचं टोक त्यानं अडकवलं, त्यालाच दोन खेपा लागल्या. वरचं टोक क्लॅम्पमध्ये सरकवलं, चिमटीत स्क्रू धरला आणि फिरवायला लागला. फिरकी मनात फेरे मोजत होता. एक फेरा, दुसरा फेरा, आणि मग जिथं बोटांना दुखायला लागतं, जिथून खरी पकड सुरू होते, तिथं साडूची बोटं थांबली. पुढे काय होणार ते माहीत असल्यासारखी. अर्धा फेरा राहिला होता. फिरकीला तो अर्धा फेरा डोळ्यांनी दिसत होता.

"अजून," तो म्हणाला. "अजून अर्धा."

"होत नाही."

"होतंय! लाव जोर!"

साडूनं बटण दाबलं. पातं नाचलं, लाकूड पुढे आलं, आणि पातं वरून सुटून टेबलावर फडफडायला लागलं. साडूनं पाय काढला. शांतपणे म्हणाला, "बघ."

"परत आवळ. मी सांगतो तुला, परत आवळ."

साडूनं परत आवळलं. परत तिथंच थांबला. परत सुटलं. तिसऱ्या खेपेला त्याची बोटं स्क्रूवर ठरेनात. पंधरा-वीस दिवस नुसते मांडीवर पडलेले हात आता टेबलालाही ओळख दाखवत नव्हते.

मग फिरकी बोलला. खुर्ची ओढून साडूच्या समोर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न सजवता बोलला. "साडू, ऐक. तुझे हात गेले नव्हते. तुझा क्लॅम्प मी चोरला होता. मागे आलो तेव्हा, तू आत गेलास तेव्हा. माझा तडकलेला तुझ्या मशीनवर बसवला. म्हणून पातं सुटत होतं. क्लॅम्प सुटत होता, तू नाही. हा आत्ता आहे तो तुझा, मी आत्ताच परत बसवला. आणि हा बघ, हा होता." त्यानं खिशातला काढून साडूच्या हातात दिला.

मेहुणी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

साडूनं क्लॅम्प अंगठ्यानं चाचपला. "हा तुझाच आहे. पकडीनं आवळलेला."

"हो! हाच तुझ्या मशीनवर होता!"

साडूच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी वर आलं. ते हसू होतं. कितीतरी दिवसांत त्याचं हसू असं बाहेरपर्यंत पोचलं नव्हतं. "चांगली रचलीस," तो म्हणाला. "रात्रभर रचत होतास ना? रिपोर्ट अदलाबदल झाले होते त्याच्यापेक्षा चांगली आहे."

"अरे, आईशप्पथ सांगतो..."

"तेव्हाही शप्पथ घेतली होतीस."

"साडू, मी चोर आहे! कुणी स्वतःला उगाच चोर म्हणतं का?"

"तू म्हणशील," साडू म्हणाला. "माझ्यासाठी तू म्हणशील. एवढं मला माहीत आहे तुझं." त्यानं फिरकीच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो हात तिथं थरथरत राहिला. "पण आत्ता तू बघितलंस ना? चांगल्या क्लॅम्पवर बघितलंस. तुझ्या डोळ्यांदेखत. मग कशाला रे? दोन दिवस मला पुन्हा वर चढवायचं आणि तिसऱ्या दिवशी मी पडायचं. नको. आता नको. ने ती."

फिरकीनं मेहुणीकडे बघितलं. ती तांब्या टेबलावर ठेवून मशीनच्या पायांचे नट सोडवायला वाकली होती.

मशीन जड होती. दोघांनी दोन बाजूंनी धरून जिन्यावर आणली. वरून, दाराच्या चौकटीला धरून, साडू सांगत होता, "टेबलाला धर. वरच्या हाताला धरू नकोस, वाकेल. डबा विसरू नका. पाती कोरडी ठेव, गंजतात."

जिन्याच्या मधल्या वळणापाशी मेहुणीनं तिचं टोक पायरीवर टेकवलं. खालच्या आवाजात विचारलं, "भाऊजी, मगाशी म्हणालात ते खरं होतं?"

एक थट्टा जिभेच्या टोकावर आली होती, सवयीनं. फिरकीनं ती आत ढकलली. "हो."

तिनं मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. "मला माहीत होतं ते रोज बसतात ते. शर्टाच्या बाहीत भुसा असायचा. मी झटकून धुवायला टाकायची. त्यांना वाटायचं मला कळत नाही, मला वाटायचं त्यांनी आपणहून सांगावं. वाटच बघत होते मी." तिनं कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. "मग एक दिवस भुसा बंद झाला."

"तू सांग त्यांना. तुझं ऐकतील."

"काय सांगू? क्लॅम्प चांगला होता मगाशी. जमलं का?"

फिरकीनं मशीनवरची पकड बदलली.

"ताईला मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

"तिला खरं वाटणार नाही."

"मग वाटेपर्यंत सांगा."

वरून साडूचा आवाज आला, "थांबलात का रे? दमलात का?"

मेहुणीनं आपलं टोक उचललं. मग फिरकीला त्याचं उचलावंच लागलं, आणि ते एकेक पायरी उतरत खाली गेले.